दाब-सोड

देवीलाल राठोड माह्ये पॅसिंजर पळवे, तिथून आमची ओळख. मी एसटीत कंडक्टर, तो काळी-पिवळी जीपवाला. घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी माही गाडी फलाटाले लागायच्या आत हा बाहेरच्या लिंबाखालून पुढच्या गावाचं नाव ओरडे, "चला, पारवा, पारवा, पारवा!" अन् बाया आपले थैले उचलून तिकडं पळत. एकदा मी त्याची कॉलरच धरली. म्हटलं, "काबे, सरकारचे पॅसिंजर चोरतं?" त त्यानं माह्या हातात पान ठेवलं न म्हणे, "मास्तर, तुमी बी बसा. तुमची गाडी निघेपर्यंत तुमाले घरी सोडून येतो." कंडक्टरले आमच्याकडं मास्तरच म्हणतात. आता अशा माणसावर कोण रागावन? मी पान खाल्लं न हासलो. तवापासूनची दोस्ती. नोकरी संपली, जीप गेली, दोघायचे केस पांढरे झाले, पण तो मले अजून मास्तरच म्हणते.

देवीलाल बंजारा. घाटंजीच्या पुढं त्यायचा तांडा आहे. त्याचे आजे-पणजे बैलायच्या पाठीवर मीठ न धान्य लादून मुलुखभर फिरले. तो म्हणे, "मास्तर, आमी पयलेपासून वाहतुकीतलेच. फक्त बैल बदलले." जवानीत तो राजूरकडं कोळशाच्या ट्रकवर होता. तिकडच्या रस्त्यावर कोळशाची भुकटी पडून राह्यते. कोरडी असली त डोळ्यात जाते, ओली झाली त साबणावानी घसरते. तिच्यावर जोरात ब्रेक मारला का चाकं जाम होत न ट्रक आपल्या मनानं चाले, तुम्ही स्टेअरिंग कितीही फिरवा. म्हून तिथल्या वस्तादानं त्याले शिकवलं, का ब्रेक एकदम दाबून धराचा नाही. दाब, सोड, दाब, सोड. चाक जाम होत नाही न गाडी तुह्या हातात राह्यते. हे त्याच्या पायात असं बसलं, का झोपीतही पाय हाले म्हणे. लालीबाई, त्याची बायको, माह्या बायकोले येऊन सांगे, "रातभर ब्रेक मारतेत, बाई. एकादिवशी मले खाटेवरून पाडतेत."

तांड्यातले न आजूबाजूच्या गावातले किती पोट्टे त्यानं जीप चालवाले शिकवले, त्याची काही मोजदाद नाही. शिकवायची तऱ्हा एकच. बाजूच्या सीटवर बसाचं, वाकून पोट्ट्याच्या उजव्या गुडघ्यावर तळहात ठेवाचा, न त्या हातानंच गुडघा दाबाचा न सोडाचा. तोंडानं चालूच, "दाब! सोड! दाब! सोड!" आवाज असा, का कडेच्या म्हशी माना वळवून पाहत. पोट्टे त्याच्या पाठीमागं त्याले दाबसोडकाका म्हणत. त्याले ते माहीत होतं न आवडतही होतं. "माह्या हातचा पोट्टा कोणाले ठोकत नाही," असं तो छातीवर हात मारून सांगे. अन् खरं सांगू का, खरंच कोणी ठोकली नोती. वणी रोडवर ट्रक चालवणारे त्याचे चेले आजही आहेत.

त्याले दोन लेकरं. शाम थोरला, ममता धाकटी. शाम म्हणजे कमी बोलणारा, बापाच्या गडबडीकडं पाहून गालातल्या गालात हासणारा पोट्टा. बापानं सांगितलं न त्यानं केलं नाही, असं मी पाह्यलं नाही. जीपीवरच शिकला, बापाच्या हाताखाली. मंग त्यानं नागपूरहून एक जुनी कार आणली. रंग चांदीसारखा, आवाज बारीक. बापाले दाखवाले आणली त मी तिथंच होतो. बाजंवर बसून आम्ही चहा पिऊन राह्यलो होतो.

"बापू, याच्यात ए.बी.एस. आहे," शाम म्हणाला.

"ते काय असते बे?"

"चाक जाम होत नाही. मशीनच पाहून घेते."

देवीलालनं माह्याकडं पाह्यलं. "मास्तर, आयकलं का? कंपनीवाल्यायनं माहा पायच चोरला!" आम्ही असे हासलो का चहा सांडला. मंग तो त्या गाडीत बसला, एक चक्कर मारून आला, न उतरता उतरता शामले म्हणाला, "मशीन असू दे. पण तू आपलं दाब-सोड सोडू नको बेटा. मशीन कधी दगा देईन. पाय देत नाही."

"हो बापू," शाम म्हणाला.

गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात माही नात प्रेरणा, तिच्या साक्षगंधाचं बोलणं कराले मले राजूरले जायचं होतं. शाम म्हणाला, काका, मी नेतो. सकाळची वेळ, ऊन नुकतं वर आलतं. कोळशाची धूळ बसावी म्हून रस्त्यावर टँकर पाणी मारून गेलता. सारा रस्ता काळा न चकचकीत. मी बाजूच्या सीटवर. उभी जिंदगी ड्रायव्हरच्या बाजूले गेली, त माहे डोळे आपोआप पायाकडं जातात. पुढं वळणावर एक ट्रॅक्टर उभा. शामनं ब्रेक मारला. मंग तो म्हणाला, "काका, ब्रेक थरथरून राह्यला!"

एवढंच बोलला. गाडी ट्रॉलीले लागली. लागली म्हणजे काय, टेकली म्हणा. बोनटले खळगा पडला, बस. पण ट्रॉलीत लोखंडी अँगल होते न ते मागून बाहेर आलते, त्याले लाल फडकंही बांधलेलं नोतं. त्यातला एक काच फोडून आत आला. शामच्या बाजूनं.

मले खरचटलंही नाही. हातभर आधी गाडी थांबली असती त आम्ही दोघं खाली उतरून त्या ट्रॅक्टरवाल्याले शिव्या घातल्या असत्या न पुढं चहा प्यालो असतो. हातभर, बाप्पा. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. पुढचं मले सांगवत नाही.

तांड्यावर आणलं तवा देवीलालनं मले एकच गोष्ट विचारली, "काय बोलला तो?" मी सांगितलं, ब्रेक थरथरून राह्यला म्हणाला. तिथून त्यानं ते धरून ठेवलं. जो भेटाले येईन त्याले सांगे, "ब्रेक खोटा होता. थरथरत होता. पोट्ट्याचं काही चुकलं नाही, गाडीच खोटी निघाली." लोक म्हणत, हो भाऊ, नशीब. तो म्हणे, नशीब नाही, ब्रेक. त्या गाडीवर त्याचा असा राग, का येता-जाता लात मारे. घरापुढच्या लिंबाखाली ताडपत्री टाकून उभी करून ठेवली. लालीबाई म्हणे, भंगारात देऊन टाका, मले डोळ्यापुढं नको. तो देत नोता. "गुन्हेगार आहे ते. राहू दे इथंच," म्हणे. मले वाटे, म्हातारा बह्याड झाला. पण त्या रागानंच तो सकाळी उठत होता, हे मले मागून समजलं. ज्याच्यावर रागवावं असं काही नसतं त तो खाटेवरून उठलाच नसता.

त्यात साखरेच्या बिमारीनं त्याच्या पायाची जाण गेली. चप्पल निघून मागं राह्यली तरी त्याले पत्ता नसे, अनवाणी पुढं चाले. ज्या पायाचा एवढा डौल, तो पायच मुका झाला. जीप त्यानं विकली. ओरडणंही बंद झालं. बाजाराच्या दिवशी माह्या बाजूले स्टँडवर येऊन बसे न जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यायकडं पाहतही नसे.

मंग या पावसाळ्याच्या सरतीले ममताले नोकरी लागली. नर्स म्हून एका उपकेंद्रात, जंगलाकडच्या गावात. तिकडं सकाळची बस नाही, न दोनचाकीवर एकटी पोट्टी कशी जाईन म्हून लालीबाईचा जीव खालीवर. एका दिवशी मी तिथं जेवाले होतो, तवा ममता म्हणाली, "दादाची गाडी मी चालवीन."

लालीबाईनं ताट सरकवलं. "नाव काढू नको तिचं."

"याडी, रोज डोळ्यापुढं उभीच आहे ना? उभी राहून तरी काय करते? दोन बाळंतिणी तरी नेईन तिच्यात." याडी म्हणजे आई, त्यायच्या बोलीत.

मले वाटलं, आता देवीलाल उखडते. पण तो म्हणाला, "चालव. पण पयले तिचा तो खोटा ब्रेक काढून फेकू. साधा ठेवू, माह्या जीपीसारखा. मंग मी शिकवतो तुले." अन् त्यानं ताटाच्या कडेवर बोटानं वाजवलं, दाब, सोड, दाब, सोड. दीड-दोन वर्सानं त्याच्या तोंडून ते शब्द आयकले. माह्या डोळ्यात पाणी आलं, खोटं काहून सांगू.

बाबूसिंगच्या गॅरेजवर गाडी ओढून नेली, फुटलेली काचही बदलाची होती. बाबूसिंग तांड्यातलाच, देवीलालच्याच हाताखाली शिकलेला. पण शाम गेला तवा तो पुण्याकडं कामाले होता, यंदाच परत आलता. त्यानं गाडी सुरू केली न आम्हाले बोलावलं. स्टेअरिंगपुढं एक पिवळा दिवा लागून होता.

"काका, हा दिवा पाहा. ए.बी.एस. बंद पडलं. गाडी उभी होती तवा उंदरायनं चाकाजवळची वायर खाल्ली. साधा ब्रेक चालू आहे, गाडी अशीच नेता येते. नाही त वायर टाकून ए.बी.एस. चालू करून देतो. बोला, कोणता ठेवाचा?"

"साधा," देवीलाल म्हणाला. "ते मशीन मुळापासून उपट. थरथरते ते."

बाबूसिंग हासला. त्याच्या मनात काही वाईट नोतं, त्याले माहीतच नोतं. "काका, थरथरते म्हणजेच त चालू आहे! चाक जाम व्हायले आलं का ते मशीन स्वतःच दाब-सोड करते, आपल्या पायापेक्षा लय जलद. त्याचे धक्के पायाले लागतात. माणसाले वाटते काही मोडलं, न तो भेऊन पाय उचलते. उचलाचा नाही ना. गच्च दाबून ठेवाचा. आपण पाय सोडला का मशीन बिचारं काय करन? गाडी पुढं जाते." तो फडक्यानं हात पुसत पुसत सांगून राह्यला होता.

मी खाली पाह्यलं. शामचा पाय मले दिसून राह्यला होता, त्या सकाळचा, जसाचा तसा. वर पाह्यलं त देवीलाल माह्याकडंच पाहत होता.

"मास्तर," तो म्हणाला. "तुमी बाजूले होते. त्याचा पाय कसा होता?"

खोटं बोलाले काय लागलं असतं? म्हटलं असतं, नाही दिसला भाऊ. पण पुढच्या महिन्यात त्या सीटवर ममता बसणार होती.

"दाब-सोड," मी म्हटलं. "तू शिकवलं तसं. अगदी तसंच."

गॅरेजात एक जुना टायर पडून होता, त्याच्यावर तो बसला. "म्हणजे ब्रेक चांगला होता," असं स्वतःशीच म्हणाला. बाबूसिंग एकदा याच्याकडं, एकदा माह्याकडं पाहे, न हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. "काका, मले माहीत नोतं, माहं तोंड जळो," तो रडकुंडीले आला. तसा देवीलाल ताडकन उठला. "उपट ते मशीन! साधा ब्रेक ठेव! ममताले मी शिकवणार, न माह्यासारखंच शिकवणार! तुले कोणं शिकवलं बे गाडी चालवाले?"

"तुमीच काका."

"मंग सांगतो ते कर!" अन् एका पायानं अनवाणीच रस्त्यानं चालता झाला. चप्पल गॅरेजात पडली होती.

मी चप्पल घेऊन मागं पळालो. माहाही पारा चढला. भर रस्त्यात बोललो, "काबे देवीलाल, पोट्टीच्या जीवापेक्षा तुही इज्जत मोठी झाली का? चांगला ब्रेक काढून टाकतं?"

तो थांबला. "इज्जत नाही मास्तर." मंग माही बाही धरली न लेकरावानी विचारलं, "मशीन खोटं नसन, त मंग शामले कोणं मारलं?"

ट्रॉलीवाल्यानं मारलं, रस्त्यानं मारलं, मी सारं बोललो. पण त्याले पाहिजे होतं ते मले देता आलं नाही. साधा ब्रेक ठेवला त गाडी खोटी न बाप खरा. तो ए.बी.एस. चालू केला त गाडी खरी, न आपल्याच हातानं शिकवलेलं पोट्ट्याले नडलं, असं बापानं रोज उठून त्या गाडीकडं पाहून कबूल कराचं. कोणता बाप करन? मी त्याच्या पायात चप्पल घातली न घरापर्यंत सोडलं.

त्यानं अन्न सोडलं. लिंबाखाली, गाडी नसलेल्या जागेवर, ताडपत्रीजवळ बसून राहे. मी रोज जाऊन बाजूले बसे. बाबूसिंगनंही गाडीले हात लावला नाही, काका काय म्हणतेत ते पाहू म्हणे. ममताले सारं समजलं होतं. ती म्हणाली, "बापू, तुमी म्हणान तो ब्रेक. तुमी म्हणान तसा पाय." असं म्हणाली न ड्युटीचे कपडे इस्त्री कराले आत गेली.

लालीबाई चुलीजवळ होती. मले वाटे, तिले काही कळलं नसन, ती कधी मधात बोलत नसे. ती बाहेर आली, पदराले हात पुसले न नवऱ्याच्या पुढं उभी राह्यली.

"शामनं तुमचं आयकलं," ती म्हणाली. "लेकरू होतंच तसं. हेही तुमचंच आयकन. आता काय सांगाचं ते तुमी पाहा."

आवाज चढवला नाही, रडली नाही. परत चुलीजवळ गेली. देवीलालनं हात पुढं केला, मी त्याले उठवलं. "मास्तर, चला," म्हणे. गॅरेजवर जाऊन बाबूसिंगले फक्त एवढंच म्हणाला, "वायर जोड बेटा." अन् तोंड फिरवून उभा राह्यला.

तांड्याच्या मागं मुरमाचं पडीत आहे, तिथं ममताचं शिकणं सुरू झालं. गिअर, क्लच लवकर जमलं तिले, हात हलका आहे पोट्टीचा. ब्रेकाचं मात्र देवीलाल पुढं ढकलत होता. उद्या, म्हणे. परवा, म्हणे. शेवटी ममताच म्हणाली, "बापू, सोमवारी ड्युटी आहे."

त्या दिवशी मी मागच्या सीटवर होतो. लालीबाई तांड्याच्या कडेले उभी, जवळ आली नाही. पडिताच्या त्या टोकाले आम्ही कपाशीच्या पऱ्हाट्यांचा एक भारा उभा करून ठेवलता. देवीलाल बाजूच्या सीटवर. सवयीनं वाकला न त्यानं पोट्टीच्या उजव्या गुडघ्यावर तळहात ठेवला.

"घे," तो म्हणाला. गाडी निघाली. दुसरा गिअर, तिसरा. मुरूम खाली खडखडत होता, भारा जवळ येत होता.

"मार!"

ममतानं ब्रेक मारला. चाकं मुरमावर सरकली, न खालून धडधड आवाज आला. ती ओरडली, "बापू, थरथरून राह्यला!"

तेच शब्द. भावाचेच. अन् मले दिसलं, तिचा गुडघा वर उठून राह्यला. ती रोज पाह्यत आली होती ना लहानपणापासून, दाब न सोड. देवीलालचा पाय मुका आहे, पण हात नाही. तिच्या गुडघ्यातून ते थरथरणं त्याच्या तळहाताले लागलं असन. त्यानं दुसराही हात वर ठेवला, सारं अंग त्याच्यावर टाकलं न ओरडला, "छोड मत! छोड मत याडी, छोड मत!" लेकीले तो लाडानं याडीच म्हणते.

गाडी थांबली. भारा पुढं होता, चांगल्या अंतरानं. धूळ आमच्यावरून पुढं निघून गेली. ममताचा श्वास लागला होता, पण ती हासली. "बापू, थांबली. पाहा ना, थांबली."

देवीलाल काचेतून त्या भाऱ्याकडं पाहत होता. "हो," म्हणाला. "अशीच थांबली असती."

मंग ममताचं हासणं गेलं. ती म्हणाली, "बापू, सोडा आता." मीही मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हटलं, देवीलाल, झालं, गाडी थांबली भाऊ. इंजिनही बंद केलं तिनं. त्यानं काही तिच्या गुडघ्यावरचे हात उचलले नाही.